चौक सुधारणेचे पर्यावरण व ध्वनी परिणाम मूल्यांकन (कोल्हापूर)

चौक रुंद करणे, सिग्नल बसवणे, आयलंड काढणे किंवा उड्डाणपूल बांधणे अशा कामांमुळे परिसरातील आवाज, हवा, झाडे आणि पाणी यांत काय फरक पडेल, हे काम सुरू होण्याआधी मोजून पाहण्याची पद्धत. कोल्हापुरात या यादीतले पाणी शेवटी धरून चालत नाही.

केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, त्यांत मोठे महामार्ग येतात. शहरातला एखादा चौक येत नाही. सायबर चौक किंवा दाभोळकर कॉर्नरचे रूप बदलायचे, तर मूल्यांकन होते ते निविदेत तशी अट असली किंवा महापालिकेने मनावर घेतले तरच. ध्वनी, हवा आणि झाडांचे कायदे मात्र मंजुरीची गरज असो वा नसो, लागू राहतातच.

आवाजाच्या मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिलेल्या आहेत. निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 व 55, तर शांतता क्षेत्रात 50 व 40. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सीपीआर चौकात एका बाजूला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे आणि समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. अशा चौकाला व्यापारी भागाचा आकडा लावून मोकळे होता येत नाही.

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. वाहने दुप्पट झाली तरी सरासरी आवाज साधारण 3 डेसिबलनेच वाढतो, आणि एवढी वाढ कानाला जेमतेम कळते. म्हणून वाहतूक पाव पटीने वाढेल असा अंदाज देणाऱ्या अहवालात ‘परिणाम नगण्य’ असे बिनधास्त लिहिता येते. पण रस्त्यापासूनचे अंतर निम्मे झाले तरीही तेवढेच 3 डेसिबल वाढतात. रुंदीकरणात गाड्यांची रांग घरापासून दहा मीटरवर होती ती पाचवर आली, तर एकही नवे वाहन न येता वाहतूक दुप्पट झाल्यासारखे होते. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा घरांच्या गॅलरीत हा फरक सर्वांत आधी पोचतो.

दुसरी अडचण हॉर्नची. आवाजाचे अंदाज बांधण्याच्या अनेक पद्धती एका लयीत धावणारी वाहतूक गृहीत धरतात. आपल्याकडे सिग्नल हिरवा होण्याआधीच मागून हॉर्न सुरू होतात, मग सगळ्या दुचाकी एकदम सुटतात, त्यांत सायलेन्सर बदललेली एखादी बुलेट असतेच. रात्रीच्या आठ तासांच्या सरासरीत असे मोजके आवाज विरून जातात, पण झोपलेल्या माणसाला जाग येते ती त्यांनीच. त्यामुळे सरासरीसोबत रात्रीचा कमाल आवाज आणि तो किती वेळा झाला, हेही नोंदवायला हवे.

मोजणी कधी केली यावर निम्मा निकाल ठरतो. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि उसाचा गळीत हंगाम आटोपलेला असतो. त्या दिवसांत शहराच्या वेशीवरच्या चौकात ध्वनिमापक लावला, तर दोन ट्रेलर जोडून, गाणी लावून रात्रभर जाणारे ट्रॅक्टर नोंदीत येतच नाहीत. उलट नवरात्रात किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेत मोजले तर आकडा फुगतो. एक साधा आठवडा, एक हंगामातला आठवडा आणि एक शनिवार-रविवार, एवढे तरी हवेच. यंत्र भिंतीला चिकटवू नये. परावर्तित आवाज मिसळतो.

हवेच्या बाबतीत कोल्हापूर हे 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहर आहे. 10 मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची मर्यादा 24 तासांसाठी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. चौकाचे काम चालू असतानाची धूळ बऱ्याचदा नंतरच्या धुरापेक्षा जास्त त्रास देते. झाडांसाठी 1975 चा राज्य कायदा लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांच्या वडाची सावली साठ रोपे नेमकी कधी देतात, हे कायदा सांगत नाही.

पाण्याचा प्रश्न चौकाच्या पातळीचा आहे. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचे पाणी मागे फुगते. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीने ते 2019 व 2021 मध्ये पाहिले. डांबराचे थर चढत जातात, दुकानांचे उंबरे खाली राहतात आणि पेव्हर ब्लॉक व काँक्रीटवरून पाऊस थेट गटारात धावतो. म्हणून नकाशावर चौकाची जुनी व नवी उंची, गटारांचा उतार आणि निळी (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) व लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा एकत्र दाखवायला हव्यात. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावामुळे पाणी अडते, असे सांगत तिथे खांबांवरचा पूल करण्याची मागणी वारंवार झाली आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका पातळी आहे. नव्या चौकाचे पाणी त्या दोन्ही पातळ्यांना कुठे जाईल, ते आराखड्यातच दाखवावे लागते.