पंडितांच्या घरातलं टेनिस

२०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखने बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि नागपुरात पेढ्यांच्या जोडीने एक जुना प्रश्नही घरोघरी फिरला: पोरांनी खेळावं की शिकावं? पालक हा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर मनात ठरलेलंच असतं. खेळ म्हणजे अभ्यासाला लागलेली गळती. मराठी घराण्यांच्या इतिहासात मात्र याला छेद देणारं एक खणखणीत उदाहरण आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. संस्कृतच्या अभ्यासकांना पंडिता क्षमाबाई राव ठाऊक असतात, टेनिसच्या जुन्या जाणकारांना लीला राव. या दोघी मायलेकी. लीलाबाई पुढे लग्नानंतर ‘दयाल’ या नावाने लिहू लागल्या, त्यामुळे खेळाडू लीला राव आणि लेखिका लीला राव दयाल एकच, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडून या घराकडे जायचं तर वाट कालिदासाची. मेघदूतातला रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडलं. आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याची आठवण निघतेच. पण मिराशींच्या आधीच्या पिढीत कालिदासाच्या काटेकोर छापील संहिता सिद्ध करणाऱ्यांत एक मोठं नाव होतं शंकर पांडुरंग पंडित, म्हणजेच क्षमाबाईंचे वडील. मूळचे सावंतवाडीकडचे. ‘बॉम्बे संस्कृत सिरीज’मध्ये त्यांनी रघुवंश, मालविकाग्निमित्र आणि विक्रमोर्वशीय संपादित केलं. सायणभाष्यासह अथर्ववेद हाती घेतला, तेव्हा तर त्यांनी हस्तलिखितांच्या पंक्तीला वैदिकांनाही बसवलं. अथर्ववेद मुखोद्गत असलेल्या ब्राह्मणांकडून तो म्हणवून घ्यायचा, आणि पाठभेद नोंदवताना त्या जिवंत माणसाला एका पोथीचा मान द्यायचा, अशी त्यांची रीत. पोरबंदर संस्थानचा कारभार त्यांच्याकडे असताना स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे राहिले होते, आणि फ्रेंच शिका असा आग्रह पंडितांनी त्यांना केला, असं विवेकानंदांची चरित्रं सांगतात.

क्षमाबाईंचा जन्म १८९० चा, पुण्यातला. वडील १८९४ मध्ये गेले, अथर्ववेदाचे खंड त्यानंतर छापून आले. म्हणजे मुलीला वडिलांची विद्या मिळाली ती त्यांच्या तोंडून नव्हे, पुस्तकांतून आणि पुढे स्वतः शास्त्र्यांपाशी बसून. मुंबईतले नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झालं. युरोपच्या वाऱ्या झाल्या. आणि १९२० च्या दशकात, म्हणजे तिशी उलटून गेल्यावर, या बाई मुंबईत टेनिसच्या स्पर्धा जिंकत होत्या.

तेव्हाचं टेनिस आजच्या डोळ्यांनी पाहून चालणार नाही. रॅकेट लाकडाची, तारा जनावरांच्या आतड्याच्या. दमट हवेत तारा सैल पडत आणि लाकूड वाकडं होई. म्हणून खेळ संपला की रॅकेट चौकटीत घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवायची. मुंबईच्या पावसाळ्यात हे किती जिकिरीचं असेल! शिवाय हा साहेबाचा आणि क्लबचा खेळ. नागपुरातही त्याचा वावर सिव्हिल लाइन्सच्या आसपासच. आज रामनगरच्या कोर्टवर पोरं रॅकेटची पिशवी खांद्याला लावून येतात, तसं काही तेव्हा नव्हतं. एका संस्कृत पंडिताच्या मुलीने या खेळात उतरावं, याला नुसती हौस म्हणता येत नाही.

याच बाईंनी १९३० च्या आंदोलनावर ‘सत्याग्रहगीता’ लिहिली. गीतेसारखे अठरा अध्याय, आणि छंदही गीतेत सर्वाधिक येणारा अनुष्टुभ. आठ अक्षरांचे चार चरण, पाचवं अक्षर लघु, सहावं गुरु. वृत्त वरवर सोपं वाटतं, पण मिठाचा कायदा, तुरुंग, लाठीमार त्यात बसवून वाक्य सरळ ठेवायचं म्हणजे कसब लागतं. पुस्तक १९३२ मध्ये छापलं गेलं ते पॅरिसला. इंग्रजी अमलात इथे असलं काही छापणं म्हणजे जप्तीला आवतण. पुढचा भाग, ‘उत्तरसत्याग्रहगीता’, स्वातंत्र्यानंतरच आला. प्राच्यविद्या परिषदेसाठी केलेल्या त्रिवेंद्रमच्या प्रवासावर त्यांनी संस्कृतात चक्क थट्टेखोर पुस्तकही लिहिलं, ‘विचित्रपरिषद्यात्रा’. विद्वानांच्या मेळाव्यांना गेलेल्या कुणालाही ते नाव पटावं.

विदर्भाला हा धागा परका नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेले लोकनायक बापूजी अणे यांनीही उतारवयात टिळकांवर ‘तिलकयशोर्णव’ हे संस्कृत काव्य रचलं. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लगेच पुढच्या वर्षी तो आपल्या श्री. भा. वर्णेकरांच्या ‘शिवराज्योदयम्’ला. क्षमाबाई त्या वाटेवर चाळीस वर्षं आधी चालून गेल्या होत्या, आणि त्यांनी तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रंही संस्कृतात आणली. हे अजून पुरेसं वाचलं गेलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लीलाबाईंचं शिक्षण बरंचसं घरीच झालं, आईच्या नजरेखाली. टेनिस, संस्कृत, व्हायोलिन, नृत्य, सगळं एकाच दिवसाच्या वेळापत्रकात. १९३४ मध्ये त्यांनी विम्बल्डनच्या महिला एकेरीत पहिली फेरी जिंकली. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफने त्यांना हरवलं. त्या एका विजयाचं मोल कळायला एवढं पुरे, की व्यावसायिक खेळाडूंना दारं उघडल्यानंतरच्या काळात ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला यायला १९९८ उजाडलं, निरुपमा वैद्यनाथन, मेलबर्नला. देशात मात्र अखिल भारतीय स्पर्धेचं अजिंक्यपद लीलाबाईंनी अनेकदा घेतलं.

पुढे त्यांचे पती, सनदी अधिकारी हरीश्वर दयाल, नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. १९५४ मध्ये क्षमाबाई गेल्या. रॅकेट मागे पडली होती, लेखणी चालू राहिली: लीलाबाईंनी भरताच्या नाट्यशास्त्रातल्या नृत्यावर ग्रंथ लिहिले आणि आईच्या कथा घेऊन संस्कृतात छोटी नाटकं रचली.