कुलपातलं पुस्तक कुणी मागत का नाही?

‘हे तू वाचायचं नाही’ असं म्हटलं, की सातवीतलं पोट्टं नेमकं तेच शोधून काढतं. मग गावच्या वाचनालयातल्या लोखंडी कपाटाला वर्षभर कुलूप असूनही त्यातल्या पुस्तकांची ओढ कुणाला का लागत नाही?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ साली मांडलेला सिद्धान्त इथे कामी येतो. आपली वाटणारी मोकळीक कुणी काढून घेतली, की मनात चीड उठते आणि हिरावलेली गोष्ट जास्तच हवीशी होते. यात ‘आपली वाटणारी’ हे शब्द कळीचे. ज्या पोराने कपाटातलं पुस्तक कधी हातातच धरलं नाही, त्याचं कुलपामुळे काहीच जात नाही. त्याच्या लेखी ते कपाट म्हणजे ग्रामपंचायतीचं सामान. सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथावर इंग्रज सरकारने १९०९ साली, तो बाहेर पडण्याआधीच बंदी घातली. तरी तो चोरून देशात आला. आपल्यापासून काय लपवलं जातंय, हे त्याच्या वाचकांना पुरतं ठाऊक होतं.

मनाई किती जोरात केली, यानेही फरक पडतो. आरॉन्सन आणि कार्लस्मिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६३ साली बालवाडीतल्या २२ मुलांवर एक प्रयोग केला. मुलांकडून खेळण्यांचा आवडीनुसार क्रम लावून घेतला, दुसऱ्या क्रमांकाचं खेळणं टेबलावर ठेवलं आणि ‘याला हात लावायचा नाही’ असं सांगून मोठी माणसं खोलीबाहेर गेली. एकदा ही ताकीद कडक होती, एकदा सौम्य. कडक ताकिदीनंतर १४ मुलांना ते खेळणं आधीपेक्षा जास्त आवडू लागलं. आवड एकाचीही घटली नाही. सौम्य ताकिदीनंतर मात्र ८ जणांची घटली. धाक मोठा असला की ‘मारतील म्हणून घेत नाही’ हे कारण मुलाजवळ तयार असतं. धाक जेमतेम असला, तर न घेण्याचं कारण त्याला स्वतःच जुळवावं लागतं: ‘तसंही काही खास नाही ते.’

म्हणून पोरं वाचावीत यासाठी खोटी बंदी घालावी का? घालू नये. लबाडी आठवडाभरात उघडी पडते आणि पुढच्या वेळी आपण खरं सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. शिवाय मनाईचा जोर पुस्तक उघडण्यापुरताच. आत बारीक टाइप आणि लांबलचक प्रस्तावना असेल, तर चौथ्या पानावर ते मिटतं.

त्यापेक्षा कुतूहलाला धरावं. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ साली मांडलं, की थोडं ठाऊक आणि थोडं राहिलेलं असलं की ती मधली फट टोचत राहते. गावात हे करायला फारसा खर्च नाही. ४८ ते ९६ पानांची, ठळक टाइपाची १५ पुस्तकं निवडावी. प्रत्येक पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधावं. चिकटपट्टी नको, ती काढताना मुखपृष्ठ फाटतं. वर स्केचपेनने एकच ओळ लिहावी, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. ‘साहसाची रोमांचक कथा’ ही ओळ मेलेली. ‘विहिरीत उतरलेला गडी वर आला, पण दोर तर खालीच होता’ अशी ओळ वाचून पोरगं सुतळी सोडतं. ती ओळ पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांतलीच असावी. उत्तर साठाव्या पानावर असेल तर पोरगं तिथवर पोचत नाही.

वेळ साधावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं वावरात असतात. तेव्हा सुरू केलं तर गठ्ठा तसाच पडून राहतो. उन्हाळा बरा. पारा ४५ वर गेला की दुपारी बारा ते पाच बाहेर पडवत नाही, आणि विदर्भातल्या शाळाही बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात. पुस्तक १४ दिवसांसाठी द्यावं, उघडून नको वाटलं तर दुसऱ्याच दिवशी बदलू द्यावं. ही मोकळीक एकदा आपली वाटली, की मग कुलूप खुपायला लागतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, विटांवर ठेवावं. नाहीतर पावसाळ्यात उधई खालचा कप्पा फस्त करते.

बक्षीस मात्र नको. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली चित्रं काढायची आवड असलेल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांना प्रशस्तिपत्राचं आमिष दाखवलं. आठवडा-दोन आठवड्यांनी, आमिष नसताना, ती मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. ‘पाच पुस्तकं वाच, पेन घे’ म्हटलं की पोरं सर्वांत पातळ पाच पुस्तकं उचलतात. परत आलेल्या पुस्तकावर प्रश्नपत्रिकाही नको. नवा कागद आणि स्केचपेन वाचणाऱ्याच्याच हाती द्यावा, पुढच्यासाठी वरची ओळ त्यानेच लिहावी. ती ओळ पुस्तकातली आहे ना, एवढं पाहिलं की त्याने ते उघडलं होतं का ते कळतं.