विसर्ग कुठला आणि कोलन कुठला

शाहू जयंतीच्या कार्यक्रमाचा एक फ्लेक्स मी केलेला, ‘स्थळ ः शाहू स्मारक भवन, दसरा चौक’ असा मजकूर, माझ्या स्क्रीनवर एकदम व्यवस्थित दिसत होता, पण छापून आला तर ‘स्थळ’च्या पुढं ठिपक्याठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्याला चिकटलेली दोन टिंबं! कदाचित हे वाचताना तुमच्या मोबाईलवर पण तेच वर्तुळ दिसत असंल. आयोजकांनी रातोरात स्टिकर लावून झाकलं ते, मला मात्र लई लागलं.

झालेलं एवढंच की मी कोलनच्या जागी विसर्ग टाइप केलेला.

विसर्ग हा उच्चाराचा भाग. स्वतः, दुःख, अंतःकरण, मनःपूर्वक म्हणताना जो हलका ह येतोय तो विसर्ग, आणि तो कायम आधीच्या अक्षराला धरूनच बसतो. त्याच्याआधी स्पेस दिली की कॉम्प्युटरला धरायला अक्षरच सापडत नाही, मग ‘इथं अक्षर पाहिजे होतं’ असं सांगायला ते ठिपक्यांचं वर्तुळ येतंय. कोलन म्हणजे आपल्या व्याकरणातला अपूर्णविराम, त्याला आवाज नाही, तो नुसता ‘पुढं बघा’ म्हणतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, विसर्गाचा नंबर ०९०३, देवनागरीच्या घरातला, आणि कोलन इंग्रजी चिन्हांच्या घरातला.

मग एवढे सगळे का चुकतात? कितीतरी पेपरांत गावाच्या नावापुढं विसर्गच असतोय. माझ्या मते दोष टाइप करणाऱ्याचा नाही, कीबोर्डचा आहे. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डमध्ये कोलन-सेमीकोलनच्या बटणावर छ आणि च बसलेत, आणि विसर्ग मात्र शिफ्ट धरून हायफनचं बटण दाबलं की लगेच येतोय. आता पत्रिकेची घाई असताना प्रत्येक ‘वेळ’, ‘स्थळ’, ‘दिनांक’साठी इंग्रजीत जाऊन परत मराठीत कोण येणार?

उलटी चूक पण होते, ‘दु:ख’ असं कोलन घालून. दिसतंय जवळपास तसंच, पण दुःख असं शोधलं तर हे सापडत नाही आणि विंडोजमध्ये फाईलला ते नाव द्यायला गेलात तर घेतच नाही, कारण फाईलच्या नावात कोलन चालत नाही. विसर्गाचं दुःख मात्र बिनतक्रार सेव्ह होतंय.

मी यावर स्वतःचा लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याची मांडणी, बनवला. मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर फुकट मिळतंय, त्यात आधीचा मराठी कीबोर्ड उघडायचा, ऑल्ट-जीआरच्या (म्हणजे स्पेसच्या उजवीकडचा ऑल्ट) चौकटीत टिक करायची, तिथं च-छ च्या बटणावर कोलन टाकायचा, म्हणजे जुनं बोट जुन्याच जागी जातंय. त्या जागेवर आधीच काही बसलंय का तेवढं बघून घ्या. हायफनच्या बटणावर मी लांब डॅश पण घेतला, इंग्रजीत यू+२०१३ लिहिलं की तो बसतो, मग शाहू महाराजांची १८७४–१९२२ ही वर्षं नीट लिहिता येतात आणि गाडीच्या एमएच-०९ ला साधा हायफन राहतोय. शेवटी सेटअप बनवून इन्स्टॉल करायचं, मूळचा कीबोर्ड पण तसाच राहतो.

जुन्या फाईली सुधारताना सगळे विसर्ग एका झटक्यात बदलू नका, नाहीतर ‘स्वतः’ची वाट लागंल. आधी ‘स्पेस आणि विसर्ग’ अशी जोडी शोधा, खऱ्या विसर्गाच्या आधी स्पेस कधीच नसते त्यामुळं ती जोडी बिनधास्त बदलता येते. राहिलेले ‘वेळः’, ‘स्थळः’ असे चिकटलेले, ते एकेक डोळ्यानं बघूनच बदलायला लागतात.