विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात नोकरी: पात्रता, वयोमर्यादा आणि कागदपत्रे

बँकेत, कंपनीच्या एचआरमध्ये किंवा एखाद्या सामाजिक संस्थेत दहा-बारा वर्षं काढल्यावर विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी काम करावं, असं अनेकांना वाटतं. अशी माणसं तिथे यायलाच हवीत. शिष्यवृत्ती अडकलेल्या किंवा वसतिगृहाची खोली न मिळालेल्या मुलाला खिडकीपलीकडे ऐकून घेणारं कुणी भेटणं, ही साधी गोष्ट नाही. पण अर्जाआधी एक पाहा: ते पद बाहेरच्या उमेदवाराला खुलं आहे का?

महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 लागू आहे (अंमल 1 मार्च 2017 पासून). विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद त्यातच आहे. पण महाविद्यालयातला विद्यार्थी विकास अधिकारी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी हा तिथलाच प्राध्यापक असतो. वसतिगृहाचे रेक्टरही बहुतेक ठिकाणी अध्यापकच. या कामांच्या जाहिरातीची वाट पाहू नका. बाहेरून येणाऱ्याला मुख्यतः दोन वाटा: सहायक कुलसचिवासारखी (असिस्टंट रजिस्ट्रार) प्रशासकीय पदं, आणि समुपदेशक किंवा प्लेसमेंट अधिकारी ही बहुधा कंत्राटी पदं.

सहायक कुलसचिवासाठी पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी लागते. सातव्या वेतन आयोगात या पदाची वेतनश्रेणी 56,100 ते 1,77,500 आहे. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर तुमच्या विद्यापीठाकडून टक्केवारीचं रूपांतर प्रमाणपत्र आधीच मागवा. छाननीत अर्ज इथे अडकतात. उपकुलसचिवाच्या पदाला अध्यापनाचा किंवा सहायक कुलसचिव स्तरावरचा अनुभव मागतात, त्यामुळे खासगी क्षेत्रातून थेट तिथे पोचणं अवघड. समुपदेशकासाठी मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी मागतात. पद चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच.

वयाचा मुद्दा सर्वांत नाजूक. राज्य शासनाची सर्वसाधारण कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षं आहे. कंत्राटी पदांना जाहिरातीत वेगळी मर्यादा असू शकते. त्यामुळे सदतिसाव्या वर्षी विचार करत असाल तर प्रशासकीय पदाचा अर्ज आधी करा. समुपदेशनाची वाट पुढेही उघडी राहू शकते.

आता कागदपत्रं. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, अधिवासाचा दाखला आणि एमएस-सीआयटी हे संगणकाचं प्रमाणपत्र, हे नेहमीचं. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. नॉन-क्रिमिलेअरची मुदत जाहिरातीत दिलेल्या तारखेला चालू हवी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र. शिवाय लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र: 28 मार्च 2006 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर शासकीय नियमानुसार उमेदवार अपात्र ठरतो. सध्या शासकीय किंवा अनुदानित संस्थेत असाल तर अर्ज कार्यालयामार्फत पाठवा आणि ना हरकत प्रमाणपत्र घ्या.

मध्येच क्षेत्र बदलणाऱ्याचा सगळा भार मात्र अनुभव प्रमाणपत्रावर असतो. 'सदर कर्मचारी आमच्याकडे मनुष्यबळ विभागात कार्यरत होते' एवढ्या एका ओळीतून छाननी समितीला काहीच कळत नाही. लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, पदनाम, पूर्णवेळ की अर्धवेळ, वेतन आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. 'नवीन प्रशिक्षणार्थींची निवड, त्यांच्या तक्रारींचं निवारण, महाविद्यालयांशी समन्वय' असं खरं केलेलं काम शब्दांत आलं, तर विद्यार्थी विभागाशी त्याचा संबंध दिसतो. कंपनी बंद पडली असेल तर नियुक्तिपत्र, फॉर्म 16 आणि पीएफचं पासबुक जोडा, आणि हा पुरावा चालेल का ते विद्यापीठाच्या आस्थापना विभागाला लेखी विचारा. पात्रता मिळण्याआधीचा अनुभव धरतात की नाही, तेही जाहिरातीत पाहा.

जाहिरात विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत येते. ऑनलाइन अर्ज आणि शुल्क भरल्यावर काही विद्यापीठं छापील प्रतही मागतात. तसं असेल तर साक्षांकित प्रतींसह ती मुदतीत पोचली पाहिजे. पाकिटावर पदाचं नाव आणि जाहिरात क्रमांक लिहा, स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. पात्र-अपात्र यादी लागली की हरकतीसाठी मोजकेच दिवस मिळतात, तेव्हा त्या काळात संकेतस्थळ रोज पाहा.