खाजण सरोवरातील विरघळलेल्या ऑक्सिजनचे गणिती प्रारूप

खाजण सरोवराच्या (वाळूच्या पट्ट्यामुळे समुद्रापासून अर्धवट तुटलेल्या खाऱ्या सरोवराच्या, म्हणजे लगूनच्या) किंवा खाडीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कुठे, केव्हा आणि किती उरेल, हे समीकरणांच्या आधारे काढण्याची पद्धत. बेळगाव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, तरी हा विषय इथला आहे. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. तिच्या खाडीचे प्रारूप मांडताना वरून येणाऱ्या गोड्या पाण्याच्या हिशेबात खानापूरच्या जंगलातला पाऊसही धरावा लागतो.

या पद्धतीचा पाया स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून घातला. सांडपाणी कुजवताना जिवाणू ऑक्सिजन खर्च करतात आणि पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरत राहतो. सुरुवातीला खर्च भारी पडतो, म्हणून ऑक्सिजनची नीचांकी जागा नाल्याच्या तोंडाशी नसते, प्रवाहात बरीच पुढे असते. चिकोडी-अथणीकडच्या कृष्णाकाठी हे वेगळे सांगावे लागत नाही: मळीचे पाणी वर कुठेतरी सुटते आणि मासे तोंड वर काढून तडफडतात ते खालच्या गावात. नमुना फक्त नाल्याच्या तोंडाशी घेतला, तर खरे नुकसान कागदावर येतच नाही.

खाजणात गणित अवघड होते. पाणी एकाच दिशेने वाहत नाही. भरतीला आत येते, ओहोटीला बाहेर जाते. त्यामुळे ते आत किती दिवस रेंगाळते, हा कळीचा आकडा ठरतो. खारे पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि वरच्या गोड्या थरामुळे त्याला हवा मिळत नाही. तळचा गाळ मात्र ऑक्सिजन ओढतच राहतो. मुळात खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मावतोही कमी: २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. (सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात हवेचा दाब कमी, म्हणून तेवढ्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात साडेसातच.) अमोनियाचाही वाटा मोठा असतो. त्यातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो.

शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री तोच वापरते. म्हणून नीचांक पहाटे येतो. दुपारी मोजलेल्या आकड्यांवर बेतलेले प्रारूप पाणी निरोगी दाखवते, मासे मात्र पहाटे मरतात. भारतीय वर्गीकरणात मासे व वन्यजीवांसाठीच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे. ही कसोटी पहाटेच्या आकड्यालाच लावायला हवी.

ओडिशातील चिल्का या खाजण सरोवराला २००० साली समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले. त्याआधीच्या जलप्रवाहाच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्राचा सहभाग होता. मुख उघडल्यावर भरती-ओहोटीचे येणे-जाणे वाढले, खारेपणा सुधारला आणि मासळीही वाढली.