पेटीतली वाघीण : आमच्या मालडब्यांसोबतचं माहितीपत्रक

नमस्कार. पेटी उघडलीत, आता डबा बाहेर काढण्याआधी हे दोन कागद वाचून घ्या.

गेल्या दिवाळीत एका आजींचा फोन आला. पेटीवर "बंद वाघीण" छापलंय, आत तर रेल्वेचा डबा निघाला, आणि नातू रडतोय, कारण त्याला वाघीणच हवी होती. चूक आमची. तेव्हा पेटीवर चित्र नव्हतं, आता आहे. वॅगन या शब्दाची मराठीने वाघीण केली आणि ती इतकी रुळली की "मालगाडीच्या सात वाघिणी घसरल्या" असं वर्तमानपत्रं आजही बिनदिक्कत छापतात. आम्हाला तो शब्द आवडतो, म्हणून ठेवलाय.

आम्ही चार माणसं, पुण्यात दोन खोल्यांचं वर्कशॉप. सागाचं लाकूड आणि पत्रा वापरून जुन्या मालडब्यांच्या प्रतिकृती करतो, १:३२ प्रमाणात. म्हणजे ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं १६७६ मिलिमीटरचं अंतर तुमच्या टेबलावर सव्वापाच सेंटिमीटरचं होतं आणि नॅरोगेजचं ७६२ मिलिमीटर जेमतेम २४ मिलिमीटर. डब्यात काय भरायचं हे ग्राहक हमखास विचारतात. ते नीट सांगायचं तर कुठल्या डब्यातून काय जायचं हे आधी सांगावं लागतं, कारण या डब्यांची अंगकाठी मालानेच ठरवलेली आहे.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी सगळ्यांना पाठ असते. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. पण या देशात रुळांवरून आधी गेली ती माणसं नव्हेत, दगडमाती. १८३७मध्ये मद्रासजवळ रेड हिल्सच्या रेल्वेने दगड वाहिला. १८५१च्या डिसेंबरात रुडकीला सोलानी नदीवरच्या कालव्याच्या पुलासाठी थॉमसन नावाच्या इंजिनाने माती ओढली. हे आम्ही जरा अभिमानाने सांगतो, आमचा धंदा मालडब्यांचा असल्यामुळे.

बंद वाघीण (पेटी क्र. १)

चार चाकांचा, चारी बाजूंनी बंद, पोलादी अंगाचा डबा. विलायतेत लाकडी मालडबे पुष्कळ वर्षं चालले. इथे वाळवी, वैशाखातलं ऊन आणि त्यामागून येणारा पाऊस यांच्यापुढे लाकूड तग धरीना, म्हणून आपल्याकडे लोखंडी-पोलादी डबे लवकर रूढ झाले. सागाचा डबा विकणाऱ्याने हे लिहावं ही गंमत आहे खरी. आतून साग, बाहेरून पत्रा, असा मार्ग आम्ही काढलाय.

या डब्याचा खरा माल म्हणजे कापूस. वऱ्हाडातला कापूस पूर्वी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून निघे आणि थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, तिथून नावेने कलकत्त्याला. वाटेत धूळ आणि पाऊस खाऊन तो काय लायकीचा उरत असेल याची कल्पना करा. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना ही वाट नको होती. मुंबई बंदराकडे रूळ यावेत म्हणून त्यांचा जोर होता. मग अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईत रुईला सोन्याचा भाव आला. रूळ मात्र अजून घाटातच अडकले होते. बोरघाट १८६३मध्ये सुरू झाला, थळघाट १८६५मध्ये, आणि नागपूरला गाडी पोचली १८६७ला. तेजी होती तेव्हा गाडी नव्हती, गाडी आली तोवर तेजी ओसरली होती. तरीही वाघिणी भरल्या. खामगावची बाजारपेठ इतकी मोठी की जलंबहून तिच्यासाठी वेगळा फाटा काढला आणि १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले.

सुटा कापूस डब्यात भरणं म्हणजे वाऱ्याचं भाडं भरणं. डबा गच्च होतो आणि वजन काही भरत नाही. म्हणून स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी वेगळी काढायची, रुई दाबायची, तागाच्या कापडात गुंडाळून लोखंडी पट्ट्या आवळायच्या. मुंबईच्या बाजारात गाठ ३९२ पौंडांची, आणि अशा दोन गाठींची एक खंडी, ७८४ पौंडांची. आमच्या पेटीत बारा गाठी आहेत, खऱ्याखुऱ्या गोणपाटाच्या. आत सुतारकामाचा भुसा आहे, रुई नाही. पहिल्या खेपेला रुई भरली होती, तर पावसाळ्यात गाठी फुगल्या आणि दार लागेना. दमट रुई कशी वागते हे गोदामवाल्यांना विचारावं, ते आम्हाला फुकट कळलं.

दार लावून त्याच्या कडीत तार ओवून शिशाचं सील ठोकत. सील शाबूत असेल तर वाटेत माल कुणी हलवला नाही. तुटलेलं असेल तर मालधक्क्यावर भांडण ठरलेलं. आणखी एक कारण होतं दार बंद ठेवण्याचं. पुढे वाफेचं इंजिन ठिणग्या उडवत चाललेलं असे, आणि रुईला एक ठिणगी पुरते. त्यामुळे कृपा करून गाठी उघड्या वाघिणीत रचून त्याचे फोटो आम्हाला पाठवू नका. छान दिसतात, पण आमचा एक जुना ग्राहक, रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड, ते पाहून अस्वस्थ होतो.

रंगाबद्दलही त्यानेच आमचे कान उपटले. पहिली पन्नास मॉडेलं आम्ही लालभडक रंगवली होती. तो म्हणाला, "अहो, ही वाघीण आहे का मारुतीराय?" मालडब्याचा रंग विटकरी, गंजासारखा, म्हणजे गंज चढला तरी लवकर कळत नाही.

उघडी वाघीण (पेटी क्र. २)

कोळसा, खडी, वाळू, लाकूड. यात सांगण्यासारखं थोडं आहे. वर कौलं नाहीत, छप्पर नाही. भिजून बिघडणारा माल असेल तर ताडपत्री आणि दोर. आमच्या पेटीतला कोळसा खरा आहे, हात काळे होतील.

टाकी (पेटी क्र. ३)

रॉकेल, पेट्रोल, काकवी. प्रत्येकाची टाकी वेगळी. रॉकेलच्या टाकीत काकवी भरायची कल्पना मुलांना फार आवडते. वर झाकण उघडतं, पण पाणीसुद्धा भरू नका, सांध्याला लाख आहे.

बार्शी लाइटचा डबा (पेटी क्र. ४)

हा आमचा लाडका, आणि याच्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

बार्शी ही कापसाची, धान्याची जुनी पेठ, पण मुंबई-मद्रास मार्गाचं स्टेशन तिच्यापासून दूर. स्टेशनाचं नाव बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. "रोड" लागलेलं स्टेशन म्हणजे गाव अजून लांब आहे हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. मधलं अंतर बैलगाड्या तोडत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने तिथे अडीच फुटी रुळांची गाडी आणली आणि १८९७मध्ये ती सुरू झाली. पुढे फाटे वाढत गेले: पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. (हेच गृहस्थ नंतर विमानातून उडी मारायच्या छत्र्या तयार करायला लागले. रुळांवरून थेट आकाशात.)

कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. हलके रूळ स्वस्त पडतात. हलके रूळ वापरायचे तर एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, मग तो इंजिनाचा असो की डब्याचा. आणि तेवढ्या भारात जास्तीत जास्त माल न्यायचा तर डब्याचं स्वतःचं वजन कमी हवं. म्हणून त्याने दाबीव पोलादाचा सांगाडा घेतला, इंग्लंडातल्या लीड्स फोर्ज कंपनीकडून. डबे २५ फूट लांब, खाली दोन बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, दोन आसांची फिरती चौकट), म्हणजे चार आस. भरलेल्या डब्याचं वजन वीस टनांच्या आत. अरुंद गाडी म्हणजे खेळण्यातली गाडी, असं मानणाऱ्यांना त्याने दाखवून दिलं की डबा नीट बेतला तर अडीच फुटी रुळांवरूनही भरघोस माल जातो. आमचं मॉडेल पावणेचोवीस सेंटिमीटरांहून किंचित मोठं आहे. ते उलटं करून खालचा सांगाडा बघा; वरच्या पेटीपेक्षा दुप्पट तास त्यात गेलेत.

या डब्यातून कापूस गेला, ज्वारी गेली, आणि आषाढी-कार्तिकीला माणसं गेली. वारीच्या दिवसांत प्रवासी डबे कधीच पुरत नसत, मग मालडबे झाडून घेत आणि वारकरी त्यांत बसत. जिथे काल पोती होती तिथे आज टाळ-मृदंग. यात्रेकरूंना मालडब्यांतून नेण्याबद्दल देशभर तक्रारी होत, आणि त्या रास्तच होत्या. बंद डब्यात खिडकी नसते, आणि जूनमधला पत्रा तव्यासारखा तापतो. आमच्या या पेटीत पोती आहेत, माणसं नाहीत. वारकरी वेगळे मागवता येतात, आठांचा संच.

कुर्डुवाडीला आणखी एक काम चाले, जे आज दिसत नाही. रुंद रूळ आणि अरुंद रूळ जिथे भेटतात तिथे डबा पुढे जात नाही, माल जातो. दोन डबे समोरासमोर उभे करायचे, मध्ये फळी टाकायची, आणि हमालांनी प्रत्येक पोतं या डब्यातून काढून त्या डब्यात लावायचं. मनमाडला तेच, मूर्तिजापूरला तेच. मिरजेला तर ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही मापांचे रूळ एका गावात. प्रत्येक अदलाबदलीत हमाली, वेळ आणि पोत्याला पडलेल्या भोकातून सांडलेलं धान्य. पेटीत एक छोटी फळी सापडेल. ती पॅकिंगचा तुकडा म्हणून फेकू नका, ती हीच.

गार्डचा डबा (पेटी क्र. ५)

मालगाडीच्या शेवटी. हातब्रेकचं चाक, दोन्ही बाजूंना दिवे, मागे शेपटीचा तांबडा दिवा. घाटात गाडी उतरताना या डब्यातल्या माणसाची किंमत कळे. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी चढावर जाणारे वेगळे रूळ काढून ठेवले होते. मागचा तांबडा दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, एखादी वाघीण मागे सुटून राहिली नाही, अशी स्टेशनमास्तरची खात्री पटे. २०२२पासून गार्ड हे पदनाम गेलं, ट्रेन मॅनेजर आलं. आमच्या पेटीवर गार्डच राहील.

अंगावरची अक्षरं

डब्यावर आम्ही जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) लिहिलंय, मध्य रेल्वे का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ला झाली, ही मॉडेलं त्याआधीची. शेजारी टी. म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. खाली मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि पुढच्या दुरुस्तीसाठी परत यायची तारीख. आजच्या वाघिणीवर अकरा आकडे असतात: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन कुठल्या रेल्वेचा त्याचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार क्रमांकाचे, आणि शेवटचा एक आधीचे दहा बरोबर आहेत का हे ताडण्याचा. स्टेशनावर उभे असाल तर वाचून बघा, मुलांना हा खेळ आवडतो.

चारचाकी गेली कुठे?

हाही नेहमीचा प्रश्न. चारचाकी वाघीण एका अडत्याच्या आवाक्यातली होती. वीसेक टन हरभरा किंवा सरकीची पेंड जमली की हुंडेकऱ्याला, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था बघणाऱ्याला, सांगायचं, एक वाघीण मागवायची, भरायची, पावती टपालाने पलीकडच्या व्यापाऱ्याला धाडायची. ती पावती दाखवली की माल मिळे. मग त्या एका वाघिणीचा प्रवास सुरू होई: भुसावळच्या यार्डात एका गाडीतून सुटायची, दुसरीला जोडायची, पुढच्या यार्डात पुन्हा तेच. पोचायला किती दिवस लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगत नसे. रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांना हे परवडणारं नव्हतं. दिल्लीला घड काळे पडून पोचले तर कोण घेणार? त्यांच्यासाठी हवेशीर डब्यांच्या सलग गाड्या सोडाव्या लागल्या.

रेल्वेलाही हे सुटं जोडकाम महाग पडत होतं. १९५०च्या दशकाअखेरीस आठ चाकांच्या मोठ्या उघड्या वाघिणी आल्या, १९८०च्या दशकात हवेच्या ब्रेकच्या. अख्खी गाडी एका ठिकाणी भरायची आणि एकाच ठिकाणी रिती करायची, असं धोरण आलं. कोळसा, सिमेंट, खत यांना ते सोयीचं झालं. अख्खी गाडी भरण्याइतका हरभरा अडत्याकडे कुठला? तो ट्रककडे गेला. चारचाकी हळूहळू भंगारात निघाली. मालवाहतुकीच्या हिशेबात मात्र ती पुढेही बराच काळ राहिली. वाघिणी मोजताना रेल्वे "चारचाकी एकक" धरत असे.

खरे जुने डबे बघायचे असतील तर दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, आणि नॅरोगेजसाठी नागपूरला मोतीबाग.

जपणूक

कोरड्या कापडाने पुसा. आसांना महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. जास्त घातलंत तर धूळ धरते. खऱ्या डब्यात आसाच्या पेटीत तेलात भिजवलेले धाग्यांचे बोळे कोंबलेले असत, आणि ते सुकले की आस तापून गाडी रस्त्यात उभी राही. जोडणीचा स्क्रू बोटाने फिरवा, पकड लावू नका. चाक निखळलं तर फक्त चाक पाठवा, डबा घरीच राहू द्या. चाकाच्या आतल्या बाजूला नंबर कोरलेला आहे, तो फोनवर सांगितलात तरी चालेल. रविवारी आम्ही फोन उचलत नाही.