सायकलच्या चाकाखालचा लाव्हा

महाराष्ट्रात ग्रॅव्हल सायकलिंगसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलिंगसाठी, नवे मार्ग आखायची गरज नाही. कालव्याच्या भरावावरचे रस्ते, शेतांमधल्या पाणंदी, वनखात्याच्या कच्च्या वाटा, धनगरवाड्यांकडे जाणाऱ्या गाडीवाटा असं मोठं जाळं आधीपासूनच आहे. डांबर नाही, मोटारी जवळपास नाहीत; वाटेत एखादा ट्रॅक्टर आणि शेळ्यांचे कळप भेटतात, तेवढीच वर्दळ. आणि चाकाखाली मुरूम. हा मुरूम म्हणजे मऊ पडलेला लाव्हा.

दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीचा शंकू कुठे दिसत नाही, कारण इथला उद्रेक एखाद्या डोंगराच्या तोंडातून झाला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथे हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे त्या भागावरून सरकत होता. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला. तो दूरवर पसरला, थिजला, आणि त्यावर पुढचा थर आला. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला. झीज होऊन आज उरलेला विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीत थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. काही भेगांतला लाव्हा बाहेर न पडता तिथेच थिजला. धुळे-नंदुरबारकडे आजूबाजूचा खडक झिजून हे कठीण पट्टे उघडे पडलेत. सपाट माळावर अचानक सरळ रेषेत गेलेली अरुंद टेकड्यांची रांग दिसली, की तो बहुधा असाच पट्टा असतो. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात.

सायकलस्वाराच्या पायांना हे थर डोळ्यांआधी कळतात. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवरचा चढ सलग नसतो. थोडा वेळ दम काढणारी चढण, मग बराच वेळ जवळजवळ सपाट, पुन्हा चढण. याचं कारण एकेका थराच्या रचनेत आहे. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे वर जातात आणि पृष्ठभागाजवळ अडकतात, त्यामुळे थराचा माथा सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. मधला गाभा सावकाश थंड होतो, तो घट्ट आणि टणक राहतो. पुढे पाऊस आणि ओढे यांनी झीज सुरू केली, की ठिसूळ भाग मागे हटतो आणि गाभ्याचा उभा कडा उरतो. कड्याखाली सपाटी, तिच्याखाली पुन्हा कडा. गडांच्या माच्या अशाच सपाट्यांवर आहेत, धनगरवाडे त्यांच्यावरच वसले आणि बैलगाडीच्या वाटाही त्यांनीच धरल्या. म्हणून नकाशात समोच्च रेषेला, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेला, धरून जाणारी कच्ची वाट दिसली, तर ती निर्धास्त निवडावी. बहुतेक वेळा ती दोन कड्यांमधल्या सपाटीवरून जात असते.

कालव्याच्या रस्त्याची गोष्ट वेगळी. तिथली सपाटी पाण्याने ठरवलेली आहे. कालव्यातलं पाणी गुरुत्वाकर्षणानेच वाहायचं असतं, म्हणून त्याला अगदी सौम्य उतार देतात आणि टेकडी आडवी आली की वळसा घालतात किंवा ती कापतात. हे काप म्हणजे माझ्या मते महाराष्ट्रातली भूशास्त्राची सगळ्यात सोपी शाळा. घाटरस्त्यावरही असे काप असतात, पण तिथे मागून ट्रक येत असताना खडकाशी पाच मिनिटं उभं राहता येत नाही. इथे सायकल आडवी ठेवून हवं तितका वेळ बघता येतं.

अशा कापाजवळ गेल्यावर खालच्या बाजूला काळा पाषाण दिसतो, भेगांनी चौकोनी, षट्कोनी तुकडे पडलेला. थंड होताना खडक आकुंचन पावतो, त्या भेगा या. आकुंचन फार नियमित झालं तर उभे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच खांबांची आहे. थोडं वर पाहिलं तर त्याच भेगांतून पाणी शिरून खडकाचे कोपरे झिजलेले असतात. मधे गोल गोटा आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पिवळसर तपकिरी थर. एक पापुद्रा अंगठ्याने दाबला तर चुरतो. हाच चुरा म्हणजे मुरूम. या काळ्या पाषाणातल्या, म्हणजे बेसॉल्टमधल्या, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, त्यांची चिकणमाती होते आणि त्यांतलं लोह गंजून रंग देतं. गोट्याचा गाभा मात्र तसाच काळा आणि टणक राहतो. वाटेत मऊ मुरमातून अचानक वर आलेला जो गोटा टायरला दणका देतो, तो हाच.

मुरमावर सायकल चांगली चालते, याचं कारणही या झिजेत आहे. यंत्राने फोडलेली खडी एकाच मापाची असते. तिच्या दाण्यांमधल्या जागा रिकाम्या राहतात आणि चाकाखालून दाणे सरकतात. मुरमात खडे, बारीक खडे, रेव, माती अशी सगळी मापं एकत्र असतात. लहान कण मोठ्यांच्या मधे बसतात, चिकणमाती त्यांना धरून ठेवते, आणि एक-दोन पावसांनंतर पृष्ठभाग घट्ट बसतो. ४० मिलिमीटरच्या आसपासचा टायर आणि त्यात थोडी कमी हवा असेल तर टायर खड्याला अंगात सामावून घेतो. सायकल आणि स्वार यांना प्रत्येक खड्यावरून वर उचलायची ऊर्जा वाचते.

मोटारी नसल्याचा आणखी एक फायदा आहे, तो शांततेहून वेगळा. खाणीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर आडव्या पन्हळी पडलेल्या असतात, सायकल अक्षरशः हाडं खिळखिळी करते. २००७ मध्ये निकोलास टाबेर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएलवेन या संशोधकांनी फिरत्या गोल तबकावर वाळू पसरून तिच्यावर साधं चाक चालवलं. चाकाला ना स्प्रिंग होती ना इंजिन, तरी पन्हळी पडल्या. मात्र वेग एका मर्यादेच्या खाली ठेवला, तर वाळू सपाटच राहिली. म्हणजे दोष गाडीच्या स्प्रिंगचा नसून वेगाने धावणारं चाक आणि सुटे कण यांच्यातल्या क्रियेचा आहे. डंपर जिथे जात नाहीत, ती मुरमाची वाट सपाट राहते. पाणंदींवर सरसकट काँक्रीट टाकलं जातं तेव्हा मला म्हणूनच वाईट वाटतं. चिखलात रुतणाऱ्या बैलगाडीची अडचण खरी आहे आणि ती सुटायला हवी, पण नीट दाबलेला मुरूम आणि बाजूला चर एवढ्यानेही पुष्कळ ठिकाणी काम भागतं.

मुरमात चमकणारा पांढरा खडा दिसला तर थांबावं. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांमधून नंतर दीर्घकाळ कोमट पाणी फिरलं आणि त्यातून खनिजं बसत गेली: झिओलाइट, क्वार्ट्‌झ, कॅल्साइट. गावाकडे या सगळ्याला सरसकट गारगोटी म्हणतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमधलं कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज जगभरच्या संग्रहालयांत आहे. पोकळीच्या कडेला मळकट हिरवा लेप असेल तर ते सेलाडोनाइट हे खनिज. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. मंचरच्या परिसरातल्या काही थरांत काही सेंटिमीटर लांबीचे फेल्डस्पारचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एवढे मोठे स्फटिक वाढायला लाव्हा बाहेर येण्याआधी जमिनीखाली दीर्घकाळ साचून राहावा लागतो.

दोन थरांच्या मधे विटकरी लाल पट्टा दिसतो, त्याकडे पाणी शोधणाऱ्याने लक्ष द्यावं. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खालच्या थराच्या माथ्याची झीज होऊन माती झाली आणि वरून आलेल्या तप्त लाव्हाने ती भाजली. या लाल थरातून पाणी सहज खाली जात नाही, त्यामुळे पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या पातळीवर झरे वाहतात. डोंगरउतारावर एका उंचीवर झाडांची हिरवी रेघ दिसली, तर तिथे असा थर असण्याची दाट शक्यता.

मुरमाची झीज आणखी पुढे गेली की काळी माती. तिच्यातली स्मेक्टाइट ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसानंतर ती टायरला अशी चिकटते की चाक आणि फोर्क यांच्यामधली जागा भरून चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी काठीने माती खरवडत बसण्याऐवजी सायकल खांद्यावर घेऊन मुरमापर्यंत चालत जावं.

महाबळेश्वर, पाचगणी, कास इथे सगळ्यात वरच्या लाव्हाचं रूपांतर जांभ्यात झालंय. प्रचंड पावसाने खडकातली सिलिका आणि विद्राव्य क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती काही ठिकाणी बोटभरही नाही आणि तिच्यात पोषण फार कमी. सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती इथे वाढतात, त्या नायट्रोजनची भूक कीटकांवर भागवतात म्हणूनच. चाकाने एवढ्याशा मातीत चाकोरी पडली की पावसाचं पाणी तिथून वाहतं आणि माती घेऊन जातं. सड्यावर सायकल नेहमी आधीच्या रस्त्यावरच ठेवावी, विशेषतः उन्हाळ्यात. तेव्हा सडा रिकामा, करपलेला आणि कुठूनही जावं असा दिसतो, पण पुढच्या पावसाळ्याच्या बिया आणि कंद त्याच बोटभर मातीत असतात.